किल्ली देण्याआधी

अप्पा, परवा तुमच्या गावी, नेसरीत तुम्हाला मातीत ठेवलं तेव्हा मी मागं, चौथ्या-पाचव्या रांगेत उभा होतो. पुढं यायला पाहिजे होतं. अक्कांनी, तुमच्या घरधनिणीनं, मान वळवून दोनदा माझ्याकडं बघितलंसुद्धा, पण माझे पाय काही उचलले नाहीत. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, मांडी घालून बसवलेले तुम्ही. शेडमध्ये चहा आला की रिकाम्या खोक्यावर बसायचात, अगदी तसेच दिसत होता. वाटलं, आता मान वर करून विचारणार, "तम्मा, त्या गाडीचं झालं का?" तुमच्याकडं कानडीत धाकट्या भावाला म्हणतात ते तम्मा. अख्ख्या उद्यमनगरात मला या नावानं हाक मारणारं दुसरं कुणी नव्हतं, आता तर कुणीच नाही.

माझ्या शेजारी जोतिबाच्या डोंगरावरचे नारळवाले मालक उभे होते. एवढ्या लांबून आले होते, खोटं कशाला बोलू. पुढं जाऊन मूठभर माती टाकून आले, हात झटकले आणि हळूच मला म्हणाले, "माणूस लाखात एक. पर शेवटी शेवटी हात गेलता त्यांचा, न्हवं? आमच्या दिनकरचा गुडघा त्यापायीच गेला की."

मी काय म्हणालो सांगू? काही नाही. नुसती मान हलवली. हो म्हणून हलवली की उगाच हलवली, ते माझं मलाच कळलं नाही. तुम्ही समोर खड्ड्यात बसलेले आणि तुमच्या देखत मी पुन्हा तेच केलं.

 लोक मेलेल्या माणसाबद्दल लिहितात तसं तुमच्या साधेपणाचं वगैरे लिहायला मी बसलेलो नाही. तुम्ही साधे नव्हताच. हट्टी होता, तोंडाळ होता, एकदा माझ्या अंगावर ग्रीसचा डबा फेकला होतात. मला फक्त एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती तुम्ही असताना सांगायची होती.

मी तुमच्याकडं आलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. आयटीआयचा कागद खिशात आणि डोकं आभाळात. उद्यमनगरातल्या तुमच्या पत्र्याच्या शेडसमोर सायकल लावली आणि जाहीर केलं की मला ब्रेकचं सगळं येतं. तुम्ही वर बघितलंसुद्धा नाही. हात पुसत एका लहान ट्रकच्या केबिनकडं बोट दाखवलंत.

"बस वर. इंजिन बंद हाय. पेडल दाब."

दाबलं. मऊ गेलं.

"परत."

जरा घट्ट लागलं. तिसऱ्यांदा आणखी घट्ट. चौथ्यांदा दाबलं तर पायाखाली दगड.

"आता पाय तसाच ठिवून इंजिन चालू कर."

किल्ली फिरवली, इंजिन धडधडलं आणि पेडल आपोआप दोन बोटं खाली गेलं. मी दचकलो. "काय झालं?" तुम्ही विचारलंत. मी पुस्तकातलं सगळं म्हणून दाखवलं: व्हॅक्यूम बूस्टर, आतला रबरी पडदा, वातावरणाचा दाब. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "ते कागदावर लिव्ह. आता माझं ऐक. इंजिन पंप फिरवतंय, पंप ह्या डब्यातली हवा वढून घेतोय. तू पेडल दाबलंस की भायेरची हवा आत घुसती आणि तुझ्या पायासंगं जोर लावती. इंजिन बंद केलंस की डब्यात साठा ऱ्हातोय दोन पायांचा. जास्तीत जास्त दोन. फुडं तू एकटाच."

दोन वर्षांच्या आयटीआयनं जे डोक्यात घातलं नव्हतं ते पाच मिनिटांत पायात गेलं. त्या दिवशी मी तुमचा झालो.

हे असं करून दाखवणं म्हणजे तुमचा नेम होता. ब्रेकचं काम केलेली गाडी परत देताना, किल्ली हातात ठेवण्याआधी, ड्रायव्हरला केबिनमध्ये बसवायचं आणि चारदा पेडल दाबायला लावायचं. त्याला तुम्ही 'पाय दाखवणं' म्हणायचात. वीस वर्षं स्टेअरिंग धरलेला माणूस असो, नाहीतर मालकाचा जावई असो. "पावणं, आमच्या शेडातनं पाय बघितल्याबिगर किल्ली न्हाय." ड्रायव्हर हसायचे. 'अप्पांची शाळा' म्हणायचे. तुमच्या पाठीमागं मीही म्हणायचो.

त्या शाळेला कारण होतं. आपल्याकडच्या ड्रायव्हरांची एक खोड. जोतिबावरनं खाली यायचं म्हटलं की उतार लागताच इंजिन बंद करून गाडी सोडून द्यायची. डिझेल वाचतं. सगळे करायचे, आणि मालक लोक त्यांच्या पाठीवर थाप मारायचे. तुम्ही सांगून सांगून थकलात. शेवटी म्हणालात, "नगो म्हटलं तर ऐकत न्हाईत. निदान पायाला तरी म्हाईत पायजे. दगड लागला की दाबत बसायचं न्हाय. गेर टाकून इंजिन जागं करायचं, हँडब्रेक वढायचा." डोक्यानं विसरतंय, पायानं विसरत न्हाय, असं तुमचं मत होतं.

आणि तुमचा तो कान! रबरी नळीचा हातभर तुकडा, एक टोक कानात आणि दुसरं बूस्टरच्या भोवती फिरवत न्यायचं. कुठं बारीकशी फुसफुस ऐकू आली की डोळे मिटायचे. "हितं हाय बघ." मला कधीही ऐकू यायचं नाही. मी साबणाचं पाणी लावून बघायचो. बुडबुडा तर येत नसेच; उलट तिथला फेस आत ओढला जायचा, आणि नेमका तुम्ही बोट ठेवलेल्या जागी. याचा मला राग यायचा, अप्पा. खरंच यायचा. शिकल्यासवरल्या माणसाला असा राग येतो.

मग मी पुण्याला चार दिवसांच्या प्रशिक्षणाला गेलो आणि तिथून हायड्रॉलिकचं खूळ घेऊन आलो. पॉवर स्टेअरिंगचा पंप जे तेल दाबानं फिरवतो, त्याच तेलाकडनं ब्रेकलाही जोर घ्यायचा. तो भला मोठा डबा नको, पडदा नको, हवेचे नखरे नकोत. बूस्टर एवढासा आणि जोर दुप्पट. भरलेल्या गाडीला तर वरदानच. मी दोन-तीन महिने तुमचं डोकं खाल्लं असेल. चहाला हायड्रॉलिक, जेवणाला हायड्रॉलिक.

"तेल गळलं तर खाली थेंब दिसतो अप्पा. तुमची हवा गळली तर कुणाला दिसणार?"

"मला ऐकू येती की."

"तुम्ही काय प्रत्येक गाडीत बसून जाणार आहात काय?"

"आणि तुझा पट्टा तुटला म्हंजे? त्याच तेलावर स्टेरिंग, त्याच तेलावर ब्रेक. हात बी गेलं, पाय बी गेलं. एकाच खुट्टीला दोन म्हशी बांधाय लागलाईस तू."

"त्यात साठ्याची टाकी असते. दोन-तीनदा दाबण्यापुरता दाब राहतो."

तुम्ही एकदम हसलात. "मग झालं की! इंजिन बंद केलं की तुझंबी मरतंय, माझंबी मरतंय. दोघांकडं बी दोनच पाय. भांडतोस कशाला?"

हे वाक्य लक्षात ठेवा, अप्पा. मी ठेवलं होतं. ठेवूनही मी पुढं जे केलं ते केलं.

माघातले जोतिबाचे खेटे, म्हणजे रविवारच्या पायी वाऱ्या, जवळ आले होते. पाच रविवार डोंगरावर माणूस मावत नाही आणि नारळवाल्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. मालकांचा लहान ट्रक आपल्याकडं ब्रेकला आला होता. तुम्ही दोन दिवस बसून बूस्टरचा पडदा बदललात, वॉल्व्ह बदललात, रबरी पाईप मात्र अजून वर्षभर जाईल म्हणून जुनाच परत बसवलात. मग भाचीच्या लग्नासाठी नेसरीला निघालात. एसटीसाठी पिशवी खांद्याला लावता लावता म्हणालात, "उद्या गाडी न्यायला येतील. पाय दाखवून किल्ली दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी न्यायला दिनकर आला. नवा माणूस, मालकांकडं लागून आठ दिवस झालेले. त्याआधी ट्रॅक्टर चालवायचा. ट्रॅक्टरला कसला आलाय बूस्टर. म्हणजे ज्याला पाय दाखवायलाच पाहिजे असा कुणी असेल तर तो दिनकर होता.

आणि त्याच दुपारी मला शिरोलीला जायचं होतं. तिथल्या एका भंगारवाल्याकडं बाहेरदेशच्या गाडीचा हायड्रॉलिक बूस्टर आल्याची खबर होती. आयुष्यात पहिल्यांदा मी तो डोळ्यांनी बघणार होतो, आणि दुसरं कुणी उचलून नेईल म्हणून जीव वरखाली होत होता. मी सायकलीला टांग मारायच्या बेतात असताना दिनकर दारात. मी किल्ली त्याच्याकडं फेकली. त्यानं झेलली आणि तिथंच घुटमळला.

"अप्पा कायतरी दाखवत्यात म्हनं? मालक म्हनले, अर्धा तास लागंल."

"काय नाही. जा तू. ब्रेक झकास झालाय."

एवढंच. अर्धा तासही नको होता. पाच मिनिटं पुरली असती.

चार दिवसांनी दिनकर नारळ टाकून रिकामी गाडी घेऊन डोंगरावरनं निघाला. बाकीचे करतात तसं त्यानं उतारावर इंजिन बंद केलं. पहिलं वळण मिळालं, दुसरं मिळालं. तिसऱ्याला पायाखाली दगड. त्याला वाटलं ब्रेक गेला. तो दाबत राहिला, दोन्ही पायांनी उभा राहून दाबत राहिला. शेवटी एका बाजूला दरी बघून त्यानं गाडी डोंगराच्या अंगाला घातली. जीव वाचला. उजवा गुडघा वाचला नाही.

तुम्ही नेसरीहून आलात ते थेट दवाखान्यात आणि तिथून शेडमध्ये. पिशवी खांद्यावरच होती. मी त्या भंगारातल्या बूस्टरला रॉकेलनं पुसत बसलो होतो. तुम्ही त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्यासमोर उभे राहिलात आणि विचारलंत,

"किल्ली देताना पाय दाखवलास न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

अप्पा, खोटं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. तो शब्द तोंडातनं बाहेर पडला आणि मग आत घेता आला नाही. मला वाटलं, तुम्ही ओळखाल. मशीनमधली बारीकशी फुसफुस ऐकणारा माणूस, माझ्या आवाजातली ऐकेल. पण तुमचा माझ्यावर विश्वास होता. तुम्ही 'बरं' म्हणालात आणि खोक्यावर बसलात.

माझं ते 'व्हय' खरं धरलं तर दिनकरला सगळं ठाऊक होतं. मग दोष उरला फक्त कामात. तुमच्या कामात. गाडी ओढून आणली तेव्हा तुम्ही तो बूस्टर सुटा केलात. मी ताट धरून समोर बसलो होतो, एकेक भाग तुम्ही त्यात ठेवत होता. पडदा ठीक. वॉल्व्ह ठीक. पाईप मात्र फाटलेला. धडकेत फाटला की आधीच फाटला होता हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. तुम्ही तो हातात घेऊन कितीतरी वेळ वळवून बघत होता. मग म्हणालात, "बदलाय पायजे हुता. मीच ठेवला जुना." मी ताट खाली ठेवलं. तेवढं मला सुचलं.

तो पाईप तुम्ही शेडच्या भिंतीवर खिळ्याला टांगलात.

मालकांनी गावभर केलं. त्यांचं तरी काय चुकलं? गाडी तुमच्याकडनं आली आणि चार दिवसांत आदळली. शिरोलीपासून गडहिंग्लजपर्यंत ड्रायव्हर लोक बोलायला लागले. पण लोकांनी तुमचं शेड बंद पाडलं नाही, अप्पा. तुम्हीच पाडलंत. एकदा जोडलेला बूस्टर दुसऱ्या दिवशी परत खोलायचात, परत जोडायचात, परत खोलायचात. नळी कानाला लावून बसायचात आणि म्हणायचात, "मला ऐकू यायला न्हाय काय तरी." वर्षाच्या आत मला जवळ बोलावून म्हणालात, "तम्मा, तू तुझं हायड्रॉलिक कर. माझ्या हाताचा मलाच भरोसा वाटंना." शेड माझ्या हवाली केलंत. कानाची नळीही दिलीत. फक्त तो फाटका पाईप पिशवीत घालून नेसरीला नेलात.

यापुढचं लिहायला लाज वाटते. मी नवा बोर्ड लावला. जुन्या लहान ट्रकांना हायड्रॉलिक बूस्टर बसवून द्यायला लागलो आणि काम चाललं, झकास चाललं. गिऱ्हाईक घुटमळायला लागलं की माझ्याकडं एक हुकमी वाक्य होतं: "व्हॅक्यूमचा काय भरवसा? जोतिबाच्या घाटात काय झालं ऐकलं न्हवं?" किती जणांना मी हे ऐकवलं असेल! आणि बोलताना दर वेळी मला माहीत असायचं, की दिनकरच्या गाडीला माझा हायड्रॉलिक असता तरी इंजिन बंद केल्यावर तिसऱ्या वळणावर तोही दगडच झाला असता. तुमचंही मरतंय, माझंही मरतंय. तुम्हीच सांगितलं होतं. पाय दाखवणं तर मी पहिल्या महिन्यातच सोडून दिलं. वेळ कुणाला आहे?

नेसरीला मी दोनदा आलो. दोन्ही वेळा सांगायचं म्हणूनच आलो होतो, यावर आता कोण विश्वास ठेवणार.

पहिल्यांदा आलो ते हायड्रॉलिक बसवलेली गाडी घेऊन. दाखवायचा सोस, दुसरं काय. तुम्ही म्हशीचं दाणापाणी टाकून, धोतराला हात पुसत केबिनमध्ये चढलात आणि आधी काय केलंत? इंजिन बंद ठेवून चारदा पेडल दाबलंत. मग पाय ठेवून इंजिन चालू केलंत. पेडल खाली गेलं आणि किंचित वर आलं, हायड्रॉलिकचं येतं तसं. तुम्ही हसून लोटपोट. "आरं, ह्ये तर पायाला उलटं ढकलतंय! माझा डबा पाय धरायचा, तुझा हाकलून लावतोय." मीही हसलो. अक्कांनी भाकरी आणि मिरचीचा खर्डा वाढला. पुढच्या सोप्यात जेवायला बसलो तर समोरच्या भिंतीवर, खिळ्याला, तो पाईप.

तुम्ही माझी नजर बघितलीत. "रोज बघतो. दिनकरचा गुडघा ध्यानात ऱ्हावा म्हनून."

"अप्पा, पाईपात काही दोष नव्हता बहुतेक."

"बहुतेकावर गाडी थांबत न्हाय, तम्मा."

आता बोल, मी स्वतःला म्हणालो. खर्ड्यानं डोळ्यात पाणी आलं होतं, ते पुसलं, आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.

दुसऱ्यांदा आलो गेल्या वर्षी. तुम्ही वाळला होता, आवाज मात्र तसाच. सोप्यात बसलो. खिळ्याला पाईप नव्हता, तुमची छत्री होती. मला ते दिसलं. दिसलं आणि बरं वाटलं, म्हटलं सुटले अप्पा त्यातनं. का काढला, ते विचारलं नाही. तुम्ही अक्कांना हाक मारलीत, "अगं, शेजारच्यांकडनं ताक आण जा वाईच. पावण्याला ताक द्यायचं हाय." अक्का गेल्या. घरात आपण दोघंच.

"धंदा कसा हाय?"

"चांगला आहे."

"पाय दाखवतोस का गिऱ्हाइकाला?"

"वेळ कुठं असतो, अप्पा."

तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात.  मग अगदी हळू म्हणालात, "बोल की." आणि मी बोलायला लागलो. आता मोठ्या गाड्या सगळ्या एअर ब्रेकवर आल्या, लहानही येतील, तुमचा डबा आणि माझं तेल दोन्ही जाणार म्हणून. तुम्हीही मग वाद घातलात, जुन्या सवयीनं, पण अधेमधे थांबत होता. अक्का काही लवकर आल्या नाहीत. निघताना तुम्ही वेशीपर्यंत चालत आलात. काठी टेकत, दम खात. "परत ये," म्हणालात. "निवांत ये."

तिसऱ्यांदा आलो ते परवा.

मालकांसमोर मान हलवून मी घरी आलो खरा, पण चैन पडेना. काल उठून पहिल्या गाडीनं परत नेसरीला गेलो. घर माणसांनी भरलेलं. अक्का परड्यात म्हशीजवळ एकट्या बसल्या होत्या. मी समोर उकिडवा बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. शिरोलीचा भंगारवाला, फेकलेली किल्ली, दिनकरनं विचारलं ते, आणि माझं 'व्हय'. सांगताना रडलो, ते कशाला लपवू.

अक्का रडल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यास्नी म्हाईत हुतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"दोन वर्सं झाली की. जोतिबाला गेलतो आमी दोघं. दिनकर मालकाच्या दुकानात बसतोय आता, नारळ इकतोय. ह्यांनी त्याला इचारलं, तुला पाय दाखवला हुता न्हवं रं? तर त्यो म्हनतोय, कसला पाय? डोंगर उतरूस्तवर एक शब्द बोलले न्हाईत. घरी आले, पाईप काढला, परड्यात पुरला. मी म्हनलं, फोन लावा त्याला, चांगल्या शिव्या घाला. तर कानडीत म्हनले, बेड. नगो. त्यो येईल, त्यानंच सांगाय पायजे."

अक्का माझ्याकडं वळल्या.

"तू आलास तवा मला ताकाला धाडलं. ताक घरात हुतंच की, गाडगं भरून. तुमास्नी बोलता यावं म्हनून मी शेजारणीकडं दीड तास बसलो हुतो."

मी विचारलं, "अप्पांनी मला माफ केलं होतं का, अक्का?"

"मला काय म्हाईत? ते मला म्हनले न्हाईत," अक्का म्हणाल्या. "मी आपलं मनानं कसं सांगू?" आणि म्हशीला वैरण टाकायला उठल्या.

येताना एसटीत पहिल्यांदा तुमचा राग आला. विचारायचं होतंत! कॉलर धरायची होतीत! ग्रीसचा डबा फेकणारा माणूस तुम्ही, त्या दिवशीच असे गप्प का बसलात? गडहिंग्लज येईपर्यंत मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होतो. मग लक्षात आलं की दिनकरचा गुडघा ज्यानं घालवला त्याला स्वतःच्या तोंडानं सांगायची एक संधी तुम्ही देत होता, आणि मी एअर ब्रेकवर व्याख्यान देत होतो. राग कुणावर काढायचा? त्याआधीची सगळी वर्षं तर तुम्हाला खरोखरच वाटत होतं की आपला हात चुकला. रोज जेवताना तो पाईप बघत होता. ती वर्षं मी कशानं भरून देऊ? आणि दिनकरकडं तर मी एकदाही गेलेलो नाही. उद्या रविवार. उद्या डोंगर चढणार आहे.

आज सकाळी शेड उघडलं तर दारात नारळवाले मालक. नवा लहान ट्रक, त्याला मीच हायड्रॉलिक बसवून दिलेला, एका जोडातनं तेल गळत होतं. परवा मातीला भेट झाली होती म्हणून मोकळे बोलत होते. तासाभरात काम झालं. त्यांच्या ड्रायव्हरनं किल्लीसाठी हात पुढं केला. मी म्हणालो, "वर बस. इंजिन बंद ठेव. पेडल दाब."

मालक हसले. "अप्पांची शाळा परत काढलीस व्हय? आरं, उशीर व्हायलाय."

"परत दाब," मी ड्रायव्हरला म्हणालो. मग मालकांकडं वळलो. शेडमध्ये आणखी दोन गाड्यांची माणसं होती, चहावाला होता. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.  "मालक, अप्पांचा हात गेला नव्हता. अप्पांचा ब्रेक चांगला होता. दिनकरला पाय मी दाखवला नाही. किल्ली मी दिली होती, आणि दाखवलं म्हणून खोटं सांगितलं."

मालकांचं हसणं थांबलं. परवा तुमच्या खड्ड्याशेजारी ते काय बोलले आणि मी कशी मान हलवली, ते त्यांना आठवलं असणार. "परवाच्याला गप बसलास," ते म्हणाले. "मुडद्याफुडं गप बसलास." पैसे खिशातनं काढून बाकड्यावर ठेवले आणि म्हणाले, "फुडच्या कामाला मी दुसरीकडं जाईन." मी हो म्हणालो. ते चालत रस्त्याकडं गेले आणि पाठ करून उभे राहिले.

ड्रायव्हर केबिनमध्ये तसाच बसून होता. पाय पेडलवर, नजर माझ्यावर. "जाऊ काय मी?" त्यानं विचारलं.

"अजून दोन राहिलेत," मी म्हणालो. "दाब."

त्यानं तिसऱ्यांदा दाबलं. चौथ्यांदा दाबलं. दगड लागल्यावर त्याचा चेहरा बदलला, माझा बदलला होता तसा. काय करायचं ते मी त्याला तुमच्या शब्दांत सांगितलं आणि त्याच्याकडून म्हणवून घेतलं. मग इंजिन चालू करायला लावलं, पेडल खाली गेलेलं त्याच्या पायाला कळू दिलं, आणि ते झाल्यावर, अप्पा, त्याला म्हणालो, आता गाडी ने.